ती जागा रिकामीच राहू द्या

आमच्या महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीसमोर, रॅम्पच्या पायथ्याशी, पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली एक जागा आहे. जमिनीवर चाकाच्या खुर्चीचे चित्र आहे आणि भिंतीवर पाटी आहे : 'दिव्यांगांसाठी राखीव'. रोज सकाळी आपण सारे त्या पाटीसमोरून वर्गात जातो. पण ते पिवळे पट्टे फारसे कुणाला दिसत नाहीत, कारण त्यांच्यावर मोटारसायकली उभ्या असतात.

या विषयावर इतरांना चार शब्द सुनावण्याआधी मला माझा स्वतःचा गुन्हा कबूल केला पाहिजे.

मी रोज एस.टी.ने येतो. वाहन कुठे लावायचे हा प्रश्न माझ्यापुढे कधी आलाच नव्हता. गेल्या वर्षी परीक्षेच्या फॉर्मची प्रत कार्यालयात देण्याची शेवटची तारीख होती आणि नेमकी त्याच दिवशी सकाळची गाडी आली नाही. चुलत्यांची मोटारसायकल मागून घेतली आणि धावतपळत कॉलेज गाठले. शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. दोन फेऱ्या मारल्या आणि ही पिवळी चौकट दिसली. रिकामी! पाटी वाचली नाही असे खोटे सांगणार नाही. वाचली. मनात म्हटले, पाचच मिनिटांचे तर काम आहे.

रांग मोठी होती. पाच मिनिटांची चाळीस मिनिटे झाली. बाहेर आलो तर माझ्या गाडीपाशी एक स्कूटर उभी होती. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जादा चाके बसवलेली, पायाशी कुबड्या आडव्या ठेवलेल्या. तिच्यावर एम.ए.च्या वर्गातले एक दादा बसले होते. लहानपणी पोलिओ झाल्याने त्यांचे दोन्ही पाय अधू आहेत. ऊन डोक्यावर आले होते. आता शिव्या बसणार या तयारीने मी मान खाली घालून पुढे झालो. त्यांनी एवढेच विचारले, "झाला का फॉर्म देऊन?"

मी हो म्हणालो.

"मलाही तोच द्यायचा होता," ते म्हणाले.

कार्यालयाची खिडकी एक वाजता बंद होते. एक वाजून पाच मिनिटे झाली होती.

दुसऱ्या दिवशी विलंब शुल्क भरून त्यांनी फॉर्म दिला. ते पैसे मी देऊ गेलो, पण त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "पैसे राहू दे. माफीही राहू दे. मी उद्या येणार नाही, परवाही येणार नाही. तरी ती जागा रिकामी ठेव."

त्यांनी माझ्याशी भांडण केले असते तर मी भांडलो असतो आणि आठ दिवसांत सगळे विसरलोही असतो. हे वाक्य मात्र विसरता आले नाही. खरे सांगायचे तर त्या वेळी ते मला पटलेही नव्हते. जो येणारच नाही त्याच्यासाठी जागा रिकामी कशाला ठेवायची? शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला वीतभर जमीन पडीक दिसली तरी चैन पडत नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर आहे.

त्यानंतर काही महिने मी एक उद्योग केला. त्या पिवळ्या चौकटीत गाडी लावणाऱ्या मित्रांना मी कारण विचारू लागलो. उत्तरे चारच मिळाली. "पाचच मिनिटे." "रिकामीच तर होती." "कुणी आले की काढतो ना!" आणि "इथे येतोच कोण?" यांतले एकही उत्तर वाईट माणसाचे नाही. माझे स्वतःचे उत्तर पहिलेच होते. म्हणूनच ही उत्तरे नीट तपासून पाहिली पाहिजेत. वाईट माणसाच्या चुकीवर उपाय सोपा असतो. चांगल्या माणसाच्या चुकीवर तो सापडत नाही, कारण ती चूक आहे हेच कुणाला वाटत नाही.

तिसरे उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटते आणि सर्वांत फसवेही. ते आपल्याकडे कुठून आले याचा विचार करता करता मला ते एस.टी.त सापडले. एस.टी.त काही आसने राखीव असतात. वर लिहिलेले असते : महिला, अपंग, स्वातंत्र्यसैनिक, विधानसभा सदस्य. आमदारांच्या आसनावर आमदार बसलेले आमच्या मार्गावर कुणी पाहिल्याचे ऐकिवात नाही. म्हणून ते आसन गावापासून शहरापर्यंत रिकामे जात नाही. कुणीतरी बसतो आणि ज्याचा हक्क आहे तो आला की उठतो. ही रीत चांगली आहे. माणसे दारात लोंबकळत असताना आसन रिकामे नेण्यात शहाणपणा नाही.

हीच रीत आपण वाहनतळावर आणली. फक्त एक गोष्ट विसरलो. आसनावर बसलेला माणूस तिथेच असतो. कुबडी दिसली की तो उठतो. नाही उठला तर शेजारचा उठवतो. मोटारसायकल उठत नाही. तिचा मालक दुसऱ्या मजल्यावर अर्थशास्त्राच्या तासाला बसलेला असतो आणि किल्ली त्याच्या खिशात असते. त्याला शोधायला कुणीतरी दोन जिने चढून गेले पाहिजे. कोण चढणार? ज्याला जिना चढता येत नाही म्हणून ही जागा रॅम्पजवळ ठेवली, तोच! 'आले की काढतो' या आश्वासनाचा अर्थ इतकाच होतो की, जे तुला जमत नाही ते आधी करून दाखव, मग तुझी जागा तुला देतो.

'रिकामीच होती' या उत्तराचेही तसेच. ती जागा रिकामी नसेल तर तिचा उपयोग शून्य. एखाद्याने अर्धीच व्यापली तरीही शून्य. हे नीट कळण्यासाठी त्या जागेची मापे पाहावीत. इमारती सर्वांना वापरता याव्यात म्हणून केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांत राखीव जागेची रुंदी निदान ३.६ मीटर सांगितली आहे आणि ती प्रवेशद्वारापासून ३० मीटरांच्या आत असावी असे म्हटले आहे. साध्या मोटारीला अडीच मीटर रुंदी पुरते. मग हे वरचे मीटर-सव्वा मीटर कशासाठी? ती चैन नव्हे. मोटारीचे दार पूर्ण उघडावे, शेजारी चाकाची खुर्ची उभी करता यावी आणि माणसाला हातांच्या जोरावर आसनावरून खुर्चीत सरकता यावे, यासाठी ती पट्टी आहे. अनेक ठिकाणी तिच्यावर तिरप्या रेघा मारलेल्या असतात. आपल्याला ती पट्टी उरलेली जागा वाटते आणि आपण तिच्यात अलगद एक मोटारसायकल घुसवतो. मोटारीतला माणूस मोटारीतच अडकतो.

आमच्या कॉलेजात मोटारी थोड्या. आमच्याकडे प्रश्न जोडचाकांच्या स्कूटरचा आहे. मी त्या दादांना विचारून तिचे सगळे शास्त्र समजून घेतले. ही स्कूटर दोन मोटारसायकलींच्या फटीत शिरत नाही. ती स्टँडवर लावत नाहीत. चाकांवरच उभी राहते, म्हणून जमीन सपाट लागते. आपण शेजारच्या गाडीचे हँडल धरून तिला वीतभर सरकवतो आणि आपली गाडी घुसवतो. हा उद्योग रोज शेडमध्ये शंभरदा चालतो. कुबडीवर उभ्या असलेल्या माणसाला हँडल धरायला हातच मोकळा नसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी लांब लावून चालत येणे हा आपल्याला उपलब्ध असलेला साधा पर्याय त्यांना नाही. माझ्या त्या पाच मिनिटांच्या बदल्यात मला शंभर पावले चालावे लागले असते. शंभर पावले वाचवण्यासाठी मी त्यांचा एक दिवस घेतला.

आता चौथे उत्तर : 'इथे येतोच कोण?' हे वरवर बिनतोड दिसते. शेड अपुरी आहे, लांबलांबच्या गावांहून मुले गाड्या घेऊन येतात, रस्त्यावर लावली तर गाडी उचलून नेतात. आणि इकडे ही जागा तासन् तास मोकळी पडलेली! ही तक्रार खोटी नाही. मीही त्या दिवशी दोन फेऱ्या मारल्या होत्या. पण वाहनतळ अपुरा आहे हा प्रश्न प्राचार्यांकडे न्यायचा आहे, विद्यार्थी परिषदेत मांडायचा आहे. तो कुणाला न विचारता सर्वांत दुबळ्याच्या वाट्यातून सोडवणे याला काय म्हणावे? घरात भाकरी कमी पडली तर आजारी माणसाच्या ताटातली आधी उचलत नाहीत.

शिवाय 'येतो कोण' या प्रश्नात एक गोम आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सांगतो की, शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनी किमान पाच टक्के जागा ठरावीक प्रमाणाबाहेर दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवाव्यात. म्हणजे शंभर मुलांच्या वर्गात पाच जण. ते पाच जण आपल्या वर्गात दिसतात का? दिसत नसतील तर का दिसत नाहीत? बारावीनंतर घरी बसलेला आमच्या गावातला एक मुलगा मला ठाऊक आहे. त्याचे गुण माझ्यापेक्षा चांगले होते. त्याच्या वडिलांनी एकदा कॉलेज पाहिले, पायऱ्या पाहिल्या, रॅम्पच्या तोंडाशी आडव्या लावलेल्या गाड्या पाहिल्या आणि ते परत गेले. जागा मोकळी मिळत नाही म्हणून ते येत नाहीत आणि ते येत नाहीत म्हणून आपण म्हणतो की जागा रिकामी आहे. वर्गात पाच जागा आणि दारात एकही नाही, असा हा हिशेब आहे.

इथपर्यंतची गोष्ट सोपी आहे. अन्याय कुणाचा आणि कुणावर हे स्पष्ट आहे. पण या राखीव जागांवरून दुसरेही एक भांडण होते आणि ते अधिक अवघड आहे. त्यात अन्याय करणारे आपण असतो आणि आपल्याला वाटते की आपण न्याय करत आहोत.

यंदा पावसाळ्यात एस.टी.त घडलेला प्रसंग सांगतो. अपंगांसाठी राखीव असलेल्या आसनावर एक मुलगी बसली होती. अंगावर चांगला ड्रेस, मांडीवर पुस्तकांची पिशवी, हातपाय धडधाकट. एक आजोबा चढले आणि त्यांनी तिला सुनावले, "पोरी, वर काय लिहिलंय ते वाचता येतं का? शिकलेली दिसतेस." दोघाचौघांनी साथ दिली. "आजकालची पिढी..." वगैरे सुरू झाले. कंडक्टर तिकिटे फाडत राहिले. ती मुलगी काही बोलली नाही. तिने पिशवीतून एक कार्ड काढले आणि सर्वांना दिसेल असे वर धरले. तिला सिकलसेलचा आजार होता. गाडीत शांतता पसरली. आजोबा पुढे सरकले. कुणी तिची क्षमा मागितली नाही. मी तिच्या मागच्याच आसनावर होतो. मी बोललो नव्हतो हे खरे; पण तिच्याकडे रोखून पाहणाऱ्यांत मीही होतो.

त्या चित्राने आपली थोडी फसवणूक केली आहे. चाकाच्या खुर्चीचे ते चित्र १९६८ साली सुझान कोफोड या डेन्मार्कच्या विद्यार्थिनीने काढले. आपल्यासारखीच ती शिकत होती. तिच्या मूळ चित्रात नुसती खुर्ची होती. तिच्यावर डोक्याचा गोल नंतर आला आणि खुर्चीला माणूस मिळाला. आज ते चित्र जगभर आहे. पण ते पाहून आपली अशी समजूत झाली की, जो खुर्चीत नाही, ज्याच्या काखेत कुबडी नाही, तो अपंग नाही. कायदा तसे म्हणत नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. त्यांत सिकलसेल आहे, थॅलसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, कंपवाताचा आजार आहे. यांतले किती आपल्याला दुरून ओळखता येतील? या एकवीस प्रकारांतील प्रत्येकाला वाहनतळावरची जवळची जागा लागतेच असे नाही. पण कुणाला लागते हे चेहऱ्यावरून ठरवण्याची विद्या आपल्यापैकी कुणाकडेच नाही. जो आज दहा पावले ताठ चालला तो अकराव्या पावलाला खाली बसू शकतो.

'पुरावा दाखव' म्हणणारी ती नजर मी ओळखतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. प्रवेशाच्या दिवशी रांगेतल्या एका मुलाने मला नाव विचारण्याआधी विचारले होते, "तू कुठल्या कोट्यातून?" प्रवेशाची राखीव जागा आणि वाहनतळाची राखीव जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीमागे इतिहास आहे, दुसरीमागे शरीर आहे. त्यांची खिचडी मी करणार नाही. पण 'राखीव' हा शब्द कानी पडताच समोरच्याच्या डोळ्यांत जो संशय उमटतो तो दोन्हीकडे एकच आहे. ती मुलगी कार्ड वर धरून बसली होती तेव्हा माझा हात नकळत खिशाकडे गेला होता.

मग फुकट्यांना मोकळे सोडायचे काय? मुळीच नाही. विचारणा व्हावी, पण ती ज्याचे काम आहे त्याने करावी. एस.टी.त कंडक्टरने, कॉलेजात पहारेकऱ्याने. एकदा, हळू आवाजात, चारचौघांत नाही. आपण फार तर पहारेकऱ्याच्या कानावर घालावे. जमावाने न्याय करू नये. आणि गाडीचा फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची जी नवी शिक्षा आपण शोधून काढली आहे ती तर अजिबात नको. दोन चुकार मुले सापडतील आणि एक खराखुरा आजारी माणूस त्या जागेवर पुन्हा कधी गाडी लावणार नाही.

हे वाद फक्त आपल्याकडेच आहेत असे नाही. ब्रिटनमध्ये १९७१ पासून अपंग व्यक्तींना गाडीत दर्शनी ठेवण्यासाठी बिल्ला मिळतो. पूर्वी तो नारिंगी होता, २००० पासून निळा झाला. तिथेही धडधाकट दिसणाऱ्यांशी वाद होत. इंग्लंडमध्ये २०१९ च्या ऑगस्टपासून न दिसणाऱ्या अपंगत्वासाठीही हा बिल्ला मिळू लागला. त्यांचा एक नियम मला फार आवडला. तो बिल्ला माणसाच्या नावाचा असतो, गाडीच्या नव्हे. अपंग माणूस गाडीने आलाच नसेल तर त्याच्या बिल्ल्यावर राखीव जागा घेता येत नाही. आपल्याकडे आजोबांच्या नावाची स्कूटर घेऊन नातू येतो आणि दिमाखात राखीव जागेवर लावतो. 'गाडीवर चिन्ह आहे ना!' अरे, पण आजोबा कुठे आहेत?

त्याच देशात मोठ्या दुकानांच्या आवारात लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठीही वेगळ्या, रुंद जागा असतात. सोल शहराने २००९ मध्ये स्त्रियांसाठी गुलाबी रेघांच्या जागा आखल्या आणि २०२३ मध्ये त्या कुटुंबांसाठी केल्या : गरोदर स्त्रिया, तान्ही मुले, म्हातारी माणसे. आपल्या मोठ्या शहरांतील मॉलमध्येही अशा जागा दिसू लागल्या आहेत. इथे मग नवा वाद निघतो. कडेवर झोपलेले मूल घेऊन आलेली आई अपंगांच्या जागेवर गाडी लावते आणि म्हणते, माझी अडचण काय कमी आहे?

तिची अडचण कमी नाही. बाळ, पिशवी आणि छत्री सांभाळत चिखलातून येणारी आई मी तालुक्याच्या दवाखान्यासमोर रोज पाहतो. तिच्यासाठी जागा असलीच पाहिजे. पण ती दुसऱ्याच्या जागेतून काढलेली नसावी. ब्रिटनमधल्या त्या मुलांच्या जागांमागे कायद्याचे बळ नाही, दुकानदाराने दिलेली ती सोय आहे; निळ्या बिल्ल्यामागे कायदा आहे. हा फरक बरोबर आहे असे मला वाटते, आणि त्याचे कारणही साधे आहे. आमच्याकडे गरोदर सुनेला दवाखान्यात आणतात तेव्हा नवरा तिला फाटकाशी उतरवतो आणि गाडी लांब नेऊन लावतो. कुटुंबाला बहुधा दुसरा माणूस असतो. जोडचाकांच्या स्कूटरवर माणूस एकटाच येतो. त्याला दारात उतरवून गाडी लांब नेणारे कुणी नसते. तो स्वतःच चालक आणि स्वतःच प्रवासी. एकटे येता यावे, कुणाच्या उपकारावाचून येता यावे, म्हणून तर त्याने ती स्कूटर घेतलेली असते. एकट्याने बाळ घेऊन आलेली आईही असते, हे मला मान्य आहे. तिच्यासाठी आपल्यासारख्या धडधाकट माणसाने आपली जवळची जागा सोडावी. तिथे पाटीची वाट पाहू नये.

इतके सगळे झाल्यावर मी पुन्हा त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. जो उद्या येणार नाही, परवाही येणार नाही, त्याच्यासाठी जागा रिकामी का ठेवायची?

याचे उत्तर मला आषाढात मिळाले. आमच्या गावची दिंडी वारीला जाते. यंदा आजोबांबरोबर मी रिंगण पाहायला गेलो होतो. माणसांचा समुद्र लोटलेला होता, पाय ठेवायला जागा नव्हती. आणि त्या समुद्राच्या मधोमध एक भले मोठे वर्तुळ मोकळे. अश्व अजून आला नव्हता. कितीतरी वेळ यायचा होता. तरी त्या मोकळ्या जागेत 'अजून वेळ आहे, तोवर बसू' म्हणून कुणी शिरले नाही. सगळे कडेला, एकमेकांच्या अंगावर रेलून, उन्हात उभे. अश्व आला तेव्हा त्याला क्षणभरही थांबावे लागले नाही. तो आल्यावर लोक सरकू लागले असते तर रिंगण झालेच नसते.

त्या दादांचे म्हणणे मला तिथे उमगले. ज्याला आपण रिकामी जागा म्हणतो ती जागा काम करत असते. 'तू कधीही ये, तुला थांबावे लागणार नाही,' असे ती सांगत असते. एकदा येऊन जागा नाही असे दिसले की माणूस दुसऱ्यांदा विचार करतो आणि तिसऱ्यांदा येत नाही. जागा रोज रिकामी दिसली तर आज न आलेला उद्या येण्याचे धाडस करील. आमच्या गावातला तो मुलगा, त्याचे वडील पुन्हा एकदा कॉलेज पाहायला आले, तर या वेळी त्यांना पिवळे पट्टे दिसले पाहिजेत.

शेवटी काही सूचना. त्या मी माझ्या नव्हे, त्या दादांच्या म्हणून मांडतो. कारण यातल्या बहुतेक त्यांनीच सांगितल्या.

एक, त्या जागेला साखळी लावून कुलूप घालू नये. तसे एकदा झाले होते. हेतू चांगला होता, पण किल्ली शिपायाकडे आणि शिपाई टपाल आणायला गेलेला. शिवाय साखळी काढायला स्कूटरवरून उतरावेच लागते. दोन, त्या जागेवर पत्र्याचे छप्पर असावे, कारण पावसात कुबडी आणि छत्री एकाच वेळी धरता येत नाही. तीन, रॅम्पचे तोंड हाही त्या जागेचाच भाग मानावा. जागा मोकळी आणि रॅम्पला आडवी गाडी, याला काही अर्थ नाही. चार, पुसट झालेले पट्टे राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी दर सत्राच्या आरंभी पुन्हा रंगवावेत. रंग फार लागत नाही. पाच, चुकून कुणाची गाडी तिथे दिसलीच तर तिच्या मालकाची वाट न पाहता क्रमांक पुकारावा. आणि सहावी सूचना त्यांनी हसत हसत दिली : "जागा मोकळी सोडली म्हणून माझ्याकडे बघून कुणी पुण्य मिळाल्यासारखा चेहरा करू नये."

परीक्षेचे फॉर्म पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू होतील. शेवटच्या तारखेला शेड पुन्हा भरलेली असेल, रांग पुन्हा मोठी असेल आणि खिडकी पुन्हा एक वाजता बंद होईल. त्या दिवशी माझी एस.टी. चुकली आणि चुलत्यांची मोटारसायकल पुन्हा आणावी लागली, तर मी ती बाहेर चिंचेखाली लावणार आहे आणि चालत येणार आहे. तुम्हीही या. दोघे मिळून आलो तर शंभर पावले काही लांब नाहीत.

— द्वितीय वर्ष, कला शाखा